घरच्या मोरीपासून गावाच्या नालीपर्यंत
कामरगावसारख्या मोठ्या गावांतील सांडपाण्याची व्यवस्था आणि तिची निगा

गावात पाणी आले की त्याचा उत्सव होतो. पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन होते, टाकी उभी राहते, घरोघरी नळ पोहोचतो. परंतु घरात आलेले पाणी वापरून झाल्यावर जाते कोठे, याचा विचार सहसा पहिल्या पावसाळ्यात नाली तुंबल्यावरच होतो. वास्तविक ज्या दिवशी घरात नळ येतो त्याच दिवशी सांडपाण्याचा प्रश्नही घरात येतो. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगाव आणि त्याच्या तोडीची वऱ्हाडातील इतर मोठी गावे आज याच टप्प्यावर आहेत. खेड्याचे बाजारगाव झाले, माती-कुडाच्या घरांच्या जागी सिमेंटची घरे आली, घरात न्हाणीघर व शौचालय आले. सांडपाणी वाहून नेण्याची व्यवस्था मात्र त्या वेगाने वाढली नाही.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरण्यात आले. पाच माणसांच्या कुटुंबाला या हिशेबाने २७५ लिटर पाणी मिळते. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून बाहेर पडते, असे अभियांत्रिकीत मानले जाते. म्हणजे एका घरातून रोज सुमारे २२० लिटर, तर शंभर घरांच्या एका वस्तीतून २२ हजार लिटर पाणी बाहेर पडते. दहा हजार लिटरच्या दोन टँकरांहून अधिक असलेले हे पाणी दररोज कोठे तरी जिरले पाहिजे किंवा वाहून गेले पाहिजे. ते जिरले नाही आणि वाहिलेही नाही, तर ते साचते.

सांडपाण्याचे दोन प्रकार

या विषयात सर्वप्रथम एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. स्नान, धुणी व भांडी यांचे पाणी हे एका प्रकारचे, तर शौचालयातून येणारे मैलापाणी हे दुसऱ्या प्रकारचे. पहिल्या पाण्यात साबण, तेलकटपणा, राख व अन्नकण असतात. ते थोड्या खटपटीने जमिनीत जिरविता येते किंवा परसबागेला देता येते. दुसऱ्या पाण्यात पटकी, विषमज्वर, कावीळ व अतिसार यांचे जंतू असू शकतात. त्याचा माणसाशी आणि पिण्याच्या पाण्याशी संपर्क येताच कामा नये.

मोठ्या शहरांत ही दोन्ही पाणी भुयारी गटारातून एकत्र वाहत जाऊन शुद्धीकरण केंद्रात पोहोचतात. भुयारी गटार नीट चालण्यासाठी भरपूर पाणी, योग्य उतार आणि कायमची देखभाल यांची गरज असते. दिवसातील सर्वाधिक प्रवाहाच्या वेळी तरी नळातील पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटर असावा, तरच गाळ तळाशी न बसता पुढे वाहतो. तपासणी व सफाई करता यावी म्हणून लहान व्यासाच्या गटारावर साधारणतः दर ३० मीटरवर मॅनहोल ठेवतात. पाणी कमी, वस्ती विरळ आणि देखभालीस माणसे नाहीत, अशा ठिकाणी भुयारी गटार बांधले तरी ते लवकरच गाळाने भरते. म्हणून बहुतेक गावांसाठी व्यवहार्य मार्ग हाच की, घरचे पाणी शक्यतो घराच्या आवारातच जिरवावे, मैलापाणी कधीही उघड्यावर सोडू नये आणि उरलेल्या पाण्यासाठी सार्वजनिक नाली वाहती ठेवावी.

काळ्या जमिनीतील शोषखड्डा

सांडपाणी जिरविण्यासाठी साधारणतः एक मीटर लांब, रुंद व खोल असा शोषखड्डा खोदतात. तळाशी मोठे दगड, त्यावर मध्यम दगड व वर बारीक खडी भरतात. पाणी खड्ड्यात पडण्यापूर्वी त्यातील तेल, केस व अन्नकण अडावेत म्हणून तोंडाशी तळाला छिद्रे असलेले मडके ठेवून त्यात वाळलेले गवत किंवा नारळाच्या शेंड्या भरतात.

वऱ्हाडात मात्र एक अडचण आहे. येथील काळी चिकणमाती कपाशीला व सोयाबीनला अनुकूल असली तरी शोषखड्ड्याला अनुकूल नाही. ती ओली झाली की फुगते, तिच्यातील छिद्रे बंद होतात आणि पाणी जिरणे मंदावते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, परंतु पावसाळ्यात त्याच मिटून जातात. म्हणून काळ्या जमिनीत खड्डा खोदताना शक्य असेल तेथे काळा थर ओलांडून खालच्या मुरमापर्यंत जावे. तसे करणे शक्य नसेल तर खड्ड्याच्या बांधकामाभोवती सुमारे ३० सेंटिमीटर जाडीचा वाळू-खडीचा थर द्यावा. शौचालयाच्या खड्ड्यांनाही हाच नियम लागू आहे. अनेक गावांत ‘आमच्याकडे शोषखड्डा चालत नाही’ अशी तक्रार ऐकू येते. तिचे मूळ बहुधा खड्डा काळ्या थरातच संपविण्यात असते.

नांदेड जिल्ह्याच्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन सांडपाणी रस्त्यावर येणे थांबविले. पाणी साचले नाही, म्हणून डासांना जागा उरली नाही. पुढे शोषखड्ड्यांची ही पद्धत ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखली जाऊ लागली. या गावाचा धडा असा की, शोषखड्डा एकाने करून भागत नाही. ओळीतील सर्व घरांनी तो केला तरच रस्ता कोरडा राहतो.

शोषखड्ड्यालाही निगा लागते. मडक्यातील गवत दर पंधरा दिवसांनी बदलावे. काही वर्षांनी पाणी जिरणे मंदावले, तर उन्हाळ्यात दगड बाहेर काढून धुवावेत, वाळवावेत आणि पुन्हा भरावेत.

दोन खड्ड्यांचे शौचालय आणि सेप्टिक टाकी

ग्रामीण भागासाठी दोन शोषखड्ड्यांचे शौचालय हा सर्वांत सोपा व सुरक्षित प्रकार मानला जातो. यात एका वेळी एकच खड्डा वापरावयाचा असतो. तो भरला की मधल्या कुंडीतून पाण्याची दिशा बदलून दुसरा खड्डा सुरू करतात आणि पहिला बंद ठेवतात. दीड ते दोन वर्षांत बंद खड्ड्यातील मैल्याचे कोरडे, वास नसलेले खत होते व ते शेतात वापरता येते. मात्र कुंडीतील एक तोंड बंद न केल्यामुळे पुष्कळ ठिकाणी दोन्ही खड्डे एकदमच भरतात आणि या व्यवस्थेचा हेतूच नाहीसा होतो. न्हाणीचे पाणी या खड्ड्यांत सोडणेही चुकीचे आहे.

नव्या सिमेंटच्या घरांत सेप्टिक टाकीकडे कल वाढला आहे. टाकीविषयीचे काही गैरसमज दूर होणे अत्यंत आवश्यक आहे. सेप्टिक टाकी मैला नाहीसा करीत नाही. ती जड भाग तळाशी बसविते, तेलकट भाग वर तरंगत ठेवते आणि मधले पाणी बाहेर सोडते. हे बाहेर पडणारे पाणी दिसावयास स्वच्छ असले तरी त्यात रोगजंतू असतातच. म्हणून त्याचा निचरा शोषखड्ड्यात किंवा शोषचरात झाला पाहिजे. प्रत्यक्षात कित्येक घरांच्या टाकीची नळी सरळ समोरच्या नालीत सोडलेली असते. अशा वेळी सांडपाण्याची साधी नाली ही उघडी मैलावाहिनी बनते, आणि तिच्याच काठावर मुले खेळतात.

टाकीचे दोन कप्पे असावेत व पहिला कप्पा दुसऱ्याच्या दुप्पट असावा. आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या नळीला इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा जोड असावा, म्हणजे वर तरंगणारा थर बाहेर जात नाही. वायुनलिका छपराच्या वर न्यावी व तिच्या तोंडाला जाळी बांधावी. टाकीतील गाळ साधारणतः दर दोन ते तीन वर्षांनी उपसावा. ‘आमची टाकी वीस वर्षे उपसावी लागली नाही’ असे अभिमानाने सांगितले जाते. याचा अर्थ इतकाच की टाकी गाळाने भरली आहे आणि मैला जसाच्या तसा बाहेर वाहत आहे.

सातारा जिल्ह्यातील वाई नगरपरिषदेने २०१८ पासून या बाबतीत एक चांगला पायंडा पाडला. टाकी तुंबल्याची तक्रार येण्याची वाट न पाहता शहरातील टाक्या तीन वर्षांच्या चक्राने, ठरलेल्या वेळापत्रकानुसार उपसावयाच्या आणि तो मैलागाळ शुद्धीकरण केंद्रात न्यावयाचा, अशी ती योजना होती. एखाद्या ग्रामपंचायतीला स्वतःची उपसा गाडी घेणे परवडणार नाही. परंतु चार-पाच गावांनी मिळून जवळच्या नगरपरिषदेशी करार करणे अशक्य नाही.

विहीर, नळ आणि नाली

इ.स. १८५४ मध्ये लंडन शहराच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची साथ येऊन अवघ्या दहा दिवसांत ५०० हून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे नकाशावर मांडून ही साथ एका सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून पसरल्याचे दाखवून दिले. ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. पुढे खोदकाम केल्यावर असे आढळले की, शेजारच्या घराच्या मैलाकुंडीच्या विटा ढासळल्या होत्या आणि मैला एक मीटरहून कमी अंतरावरील विहिरीत झिरपत होता. एका घराच्या निकामी कुंडीने सारी वस्ती संकटात लोटली.

आपल्या देशातही असे घडले आहे. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेतून घेतलेल्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याने काविळीचे सुमारे २९ हजार रुग्ण आढळले. महाराष्ट्रात इचलकरंजी येथे २०१२ मध्ये दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती.

गावपातळीवर यातून दोन नियम निघतात. पहिला असा की, शौचालयाचा खड्डा किंवा टाकीचा शोषखड्डा विहीर, हातपंप व बोअर यांपासून निदान १५ मीटर दूर असावा आणि जागा असल्यास त्याहूनही अधिक. दुसरा नियम याहून महत्त्वाचा, पण अधिक दुर्लक्षित आहे. घराची नळजोडणी नालीतून किंवा नालीखालून नेऊ नये. गावात पाणी ठरावीक वेळीच सुटते. पुरवठा थांबला की नळातील दाब उतरतो व नळ बाहेरचे पाणी आत ओढून घेऊ शकतो. नालीत बुडालेल्या नळाचा जोड ढिला असेल, तर नालीचे पाणी त्यात शिरते आणि दुसऱ्या दिवशी तेच घागरीत पडते. अशी जोडणी नालीच्या वरून, पोलादी आवरणातून नेणे हाच उपाय होय. शेवटच्या घराच्या नळालाही पाण्यात दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे की नाही, याची नियमित तपासणी ग्रामपंचायतीने व आरोग्य कर्मचाऱ्यांनी करावी. तथापि क्लोरीन हे नालीच्या दुरवस्थेवरील औषध नव्हे.

घरातील नळ्यांची निगा

सार्वजनिक गटाराचा आरंभ घराच्या मोरीतच होतो. घरातून बाहेर जाणारी १०० मिलिमीटर व्यासाची नळी साधारणतः ४० फुटांत १ फूट या उताराने टाकावी. उतार फार कमी झाला की घाण तळाशी बसते. काटकोनात वळण देण्याऐवजी तेथे तपासणी चेंबर बांधावे. न्हाणीच्या जाळीखाली पाणी धरून ठेवणारा सापळा, म्हणजे ट्रॅप, अवश्य असावा. त्यातील पाण्यामुळेच दुर्गंधी, झुरळे व डास घरात शिरत नाहीत. घर पुष्कळ दिवस बंद असेल तर हे पाणी आटते; म्हणून परतल्यावर प्रथम प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतावे.

मोरीत टाकू नयेत अशा वस्तू म्हणजे उरलेले तेल, चहाचा चोथा, भांडी घासण्याची राख, केस, चिंध्या, सॅनिटरी पॅड आणि प्लास्टिकच्या पिशव्या. ताट-वाट्या धुण्यापूर्वी खरकटे निराळे काढण्याची जुनी रीत या दृष्टीने फार शहाणपणाची आहे. शौचालयाच्या खड्ड्यात किंवा टाकीत आम्ल व जंतुनाशके भरपूर ओतल्यास मैला कुजविणारे उपयुक्त जंतू मरतात व खड्डा लवकर भरतो.

नळी तुंबल्यास प्रथम चेंबरची झाकणे उघडून पाहावीत. ज्या चेंबरमध्ये पाणी भरलेले आहे त्याच्या पुढे, आणि जे कोरडे आहे त्याच्या मागे अडथळा असतो. बांबूची लवचीक कामटी किंवा सफाईची सळई कोरड्या चेंबरमधून वरच्या दिशेने घालावी. अडथळा मोकळा झाल्यावर वर आलेली वस्तू बाहेर काढावी. पाण्याने पुढे ढकलल्यास तो शेजाऱ्याच्या दारात जाऊन बसतो.

नालीची निगा

नालीचा तळ सपाट असण्यापेक्षा अर्धगोल असावा, म्हणजे थोडे पाणीही एकवटून वाहते. घरासमोरील ओटा वाढवून किंवा फरशी पक्की करून नाली झाकल्यास तेवढ्या भागाची सफाई कायमची बंद होते. झाकण हवे असेल तर उचलता येईल असे ठेवावे. गोठ्यातील शेण नालीत न लोटता खतखड्ड्यात अथवा गोबरगॅसमध्ये टाकावे. पानटपऱ्यांभोवती नालीत जमणाऱ्या खर्ऱ्याच्या पन्न्या हे विदर्भातील नाल्या तुंबण्याचे एक नित्याचे कारण आहे. टपरीधारकांनीच तेथे कचरापेटी ठेवावी, असा ठराव ग्रामसभेस करता येईल.

नालीची मोठी सफाई मृग नक्षत्रापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याआधी पूर्ण व्हावी. गाळ काढून तो नालीच्या काठावरच ठेवण्याची प्रथा सर्वत्र दिसते. पहिल्याच सरीत तो पुन्हा नालीत जातो आणि केलेला खर्च वाया जातो. ज्या दिवशी गाळ काढला त्याच दिवशी तो उचलला गेला, तरच ती सफाई समजावी. जेथे पाणी साचून राहणे टाळता येत नाही, तेथे गप्पी मासे सोडल्यास डासांच्या अळ्यांना आळा बसतो. विदर्भाचा बराच भाग हत्तीरोगाचा आहे आणि त्या रोगाचा प्रसार करणारा क्युलेक्स डास घाण पाण्यातच वाढतो.

माणूस टाकीत उतरू नये

या सर्व विषयात एक बाब कोणत्याही सबबीवर दुर्लक्षिता येणार नाही. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू तयार होतात आणि बंद टाकीत प्राणवायू कमी होतो. हायड्रोजन सल्फाइडला सडलेल्या अंड्याचा वास येतो. पण त्याचे प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर होते. त्यामुळे ‘वास येत नाही, उतरायला हरकत नाही’ हा समज प्राणघातक ठरतो. पहिला माणूस बेशुद्ध पडला की त्याला वाचविण्यासाठी दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्याच्या सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टाकी साफ करताना पाच कामगार मृत्युमुखी पडले.

हाताने मैला उचलणाऱ्या व्यक्तींच्या सेवायोजनास प्रतिबंध करणारा २०१३ चा केंद्रीय अधिनियम ६ डिसेंबर २०१३ पासून अमलात आला. सुरक्षेची साधने व तजवीज न करता गटार किंवा सेप्टिक टाकीच्या सफाईसाठी कोणालाही कामास लावणे हा या अधिनियमाखाली अपराध आहे. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही बंदी केवळ नगरपालिका व ठेकेदार यांच्यापुरती नाही. घराची टाकी उपसण्यासाठी मजूर बोलाविणारा गृहस्थही तिच्या कक्षेत येतो. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये भरपाई ठरविली होती. २० ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयाने ती ३० लाख रुपये करण्यात आली. परंतु गेलेला जीव कोणत्याही रकमेने परत येत नाही. टाकी उपसावयाची ती यंत्रानेच, आणि त्यासाठी उपसा गाडीची नळी पोहोचेल अशा जागी टाकी बांधावयाची, हे घराचा नकाशा काढतानाच ठरविले पाहिजे.

ग्रामपंचायत आणि ग्रामस्थ

गावातील नाल्या बांधणे व त्यांची देखभाल करणे, तसेच सार्वजनिक स्वच्छता राखणे ही १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार पंचायतीची कर्तव्ये आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिला होता. निधी नव्या बांधकामावर खर्च करणे सोपे असते, कारण बांधकाम डोळ्यांना दिसते. देखभाल दिसत नाही. ती झाली नाही म्हणजेच दिसते. म्हणून गावाच्या वार्षिक आराखड्यात नवीन नालीसाठी जशी तरतूद असते, तशी जुन्या नालीच्या सफाईसाठी, गाळाच्या वाहतुकीसाठी आणि सफाई कामगारांच्या हातमोजे, बूट व आरोग्य तपासणीसाठीही स्वतंत्र तरतूद असावी. गावातील नाल्या, त्यांचा उतार, टाक्या व विहिरी दाखविणारा एक साधा नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लावल्यास ग्रामसभेतील पुष्कळशी चर्चा आपोआप मुद्द्यावर येईल.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी कीर्तनापूर्वी गाव झाडण्याचा परिपाठ ठेवला होता. त्यांच्या नावाने राज्य शासनाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि महाराष्ट्रातील गावागावांत स्वच्छतेची स्पर्धा लागली. बाबांचा खराटा उघड्यावरील घाण दूर करीत असे. आज घाण नळ्यांतून व टाक्यांतून जमिनीखाली गेली आहे, ती डोळ्यांना दिसत नाही; म्हणून दक्षताही तितकीच वाढली पाहिजे. येत्या मृगापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपल्या मोरीचे पाणी कोठे जाते, टाकी शेवटची केव्हा उपसली आणि नळाची जोडणी नालीतून तर गेलेली नाही ना, या तीन प्रश्नांची उत्तरे स्वतः शोधावीत. कामरगावसारख्या गावाच्या आरोग्याचा मोठा भाग या तीन उत्तरांवर अवलंबून आहे.